पाणी येतं कुठून, जातं कुठं : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

गेल्या महिन्यात गटाराच्या उताराबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांनी पाण्याबद्दल विचारलंय, सांडपाण्याबद्दल विचारणारे मोजकेच. माझा कामावरचा अनुभवही तोच. पाणीयोजनेचा नारळ फुटतो तेव्हा मंडप पडतो, फेटे बांधले जातात. सांडपाण्याच्या कामाकडे त्या दिवशी कुणी फिरकत नाही.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. मी बेळगावच्या वडगावची, विणकराच्या घरातली. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि तीस वर्षं पाइपलाइनच्या ठेकेदारांकडे साइटवर काढली. निपाणी, कोल्हापूर, इचलकरंजी, बेळगाव, हुबळी, जिथं काम निघालं तिथं गेले. सीमेच्या दोन्ही अंगांची जमीन उकरून बघितली आहे, त्या जोरावर ही उत्तरं.

ताई, माझी बहीण कोल्हापुरात असते. तिच्याकडे रोज पाणी येतं, घराला भुयारी गटार आहे. आमच्याकडे तीन-चार दिवसांआड पाणी आणि दारासमोर उघडं गटार. मधे अंतर फक्त चाळीस-पन्नास किलोमीटर. १९५६ साली आपला भाग पलीकडे, महाराष्ट्रात गेला असता तर आपल्यालाही हे मिळालं असतं, असं घरात सगळे म्हणतात. खरंच हा फरक राज्याचा आहे का?
*— एक निवृत्त शिक्षक, चिकोडी तालुका*

गुरुजी, तुमच्या प्रश्नामागं जे दुखणं आहे ते माझ्याही घरचं आहे. माझ्या आईला पाण्याचं बिल वाचता यायचं नाही, कारण ते कन्नडात. तिला मराठी छान वाचता यायचं, पोथी रोज वाचायची, पण बिल हातात आलं की शेजारच्या मुलाला हाक मारायची. ज्याला बिलावरचा आकडाच वाचता येत नाही तो चुकीच्या आकड्याबद्दल भांडणार कसा? सीमाभागात नळाचा विषय भाषेपासून सुटा करता येत नाही, हे मी मान्य करते.

पण पाइपलाइनचा नकाशा समोर अंथरला की गोष्ट वेगळी दिसते. कोल्हापुराहून तासाभरात इचलकरंजी. राज्य तेच, जिल्हाही तोच. तिथं कित्येक वर्षं माणसं दोन-तीन दिवसांआडच्या पाण्यावर दिवस काढत आली. २०१२ साली तिथं काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. पंचगंगेचं पाणी नको म्हणून मजरेवाडीहून कृष्णेचं आणलं, ते पुरेना म्हणून दूधगंगेचं मागितलं, तर सुळकूडच्या योजनेला कागलकरांनी विरोध केला. आणि तुमच्या बहिणीचं कोल्हापूर? तिथले शिंगणापूर आणि बालिंग्याचे उपसे २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेले. चहूबाजूंनी पाणी आणि नळ कोरडा, असे दिवस त्या शहरानं दोनदा काढले. काळम्मावाडीहून थेट पाइपलाइन यावी म्हणून कोल्हापूरकरांनी किती वर्षं आंदोलनं केली. ते पाणी शहरात पोचलं २०२३ च्या दिवाळीत.

आता अख्ख्या राज्यांचं बघू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्रातल्या शहरांतून रोज ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी निघतं आणि ते शुद्ध करायची उभारलेली क्षमता आहे ६,८९० दशलक्ष लिटर. कर्नाटकात निघतं ४,४५८ आणि क्षमता २,७१२. म्हणजे तिकडं साधारण तीन चतुर्थांश, इकडं साठ टक्के. फरक आहे, मी नाकारत नाही. पण मुंबई-पुण्यासारख्या शहरांनी महाराष्ट्राचा आकडा वर ओढलेला आहे. कागल, गडहिंग्लजसारख्या गावांची गाठ निपाणी-संकेश्वरशी घातलीत तर एवढं अंतर दिसणार नाही. त्याच अहवालात बिहार रोज २,२७६ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार करतो आणि त्याची क्षमता आहे फक्त १०. हरियाणात निघतं १,८१६ आणि क्षमता १,८८०, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. आपण दोन शेजाऱ्यांच्या फरकावर चडफडतो, देशात याहून कितीतरी खोल दऱ्या आहेत. आणि यंत्रणा उभारली म्हणजे ती चालतेच असंही नाही. देशभर उभारलेली क्षमता ३१,८४१, प्रत्यक्ष शुद्ध होत होतं २०,२३६.

मग फरक पडतो कशानं? माझ्या मते आधी उंचीनं. बेळगावला दोन ठिकाणचं पाणी येतं. राकसकोप मार्कंडेय नदीवर, भरल्यावर पाण्याची पातळी २,४७५ फूट. हिडकल घटप्रभेवर, त्याची पातळी २,१७५ फूट. शहर वसलंय अडीच हजार फुटांच्या आसपास. हिडकलचं धरण ५१ टीएमसीचं, राकसकोप त्याच्यापुढं तळ्याएवढं, पण हिडकलचं पाणी कुंदरगी आणि तुम्मरगुद्दीला पंपानं उचलत उचलत बसवनकोळ्ळला आणावं लागतं. मधे वीज गेली की आपल्याकडे दोन दिवस नळ सुका. माणसं म्हणतात, धरण भरलंय तरी पाणी का नाही? धरण भरलंय, पण आपण त्याच्या डोक्यावर बसलोय. राकसकोपचं पाणीसुद्धा हिंडलग्याला उचलून लक्ष्मी टेकडीवर चढवावं लागतं, पण त्याचा चढ कमी. म्हणून जून-जुलैत राकसकोपची पातळी रोज पेपरात छापून येते आणि माणसं ती सोन्याच्या भावासारखी वाचतात.

दुसरं कारण गावाचा आकार आणि माणसं. महाराष्ट्रात जीवन प्राधिकरण, इकडं कर्नाटक नागरी पाणीपुरवठा आणि ड्रेनेज मंडळ. योजना बांधायची, किल्ल्या नगरपालिकेच्या हातात द्यायच्या आणि पुढच्या गावाला निघायचं, ही रीत दोन्हीकडे. मोठ्या शहराकडे इंजिनियर असतो, प्रयोगशाळा असते. लहान गावाकडे पाणी सोडणारे चार वॉलमन आणि एक जुना फिटर. तो फिटर निवृत्त झाला की कुठला व्हॉल्व्ह कुठं पुरलाय हे सांगणारं कुणी उरत नाही. एका गावात आम्ही एक व्हॉल्व्ह शोधायला तीन दिवस रस्ता उकरला होता. शेवटी निवृत्त फिटरला घरून आणलं, त्यानं लिंबाच्या झाडापासून पावलं मोजली आणि टाच टेकवून म्हणाला, इथं. तिथंच होता.

आणि गुरुजी, तुमच्या तालुक्याला मी आणखी एक गोष्ट सांगणार आहे. निपाणीचा जवाहर तलाव यमगर्णीहून वेदगंगेच्या पाण्यानं भरतात. वेदगंगेत पाणी येतं भुदरगड तालुक्यातल्या पाटगावच्या धरणातून. बेळगावला येणाऱ्या हिडकलच्या पाण्याचा उगम सह्याद्रीत, चंदगडच्या बाजूच्या डोंगरात. पाऊस तिकडचा, नळ इकडचा. आणि कोल्हापूर-इचलकरंजीचं सांडपाणी पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळून कुठं येतं? चिकोडी, रायबाग, अथणीत. बहिणीच्या घरचं भुयारी गटार तुमच्याच तालुक्याकडे वाहतं. कोल्हापुरानं कसबा बावड्याला ७६ दशलक्ष लिटरचा आणि दुधाळीला १७ दशलक्ष लिटरचा प्रकल्प उभारला, त्याचा खरा फायदा खालच्या गावांना. म्हणून पंचगंगेच्या प्रदूषणाचं पलीकडे काय चाललंय यावर कृष्णाकाठच्या आपल्या लोकांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला हवं. ते प्रकल्प पूर्ण ताकदीनं चालतात का, हे विचारायचा हक्क कोल्हापूरकरांइतकाच तुमचा आहे. अर्ज मराठीतच करायचा आहे, ती सोय तरी आहे.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चोवीस तास पाणी आहे. कोपरा ओलांडला की आठवड्यातून दोनदा. एकाच शहरात असं का?
*— गृहिणी, बेळगाव*

कारण तुमच्या कोपऱ्यावर प्रयोगाची हद्द संपते. जागतिक बँकेच्या कर्जातून कर्नाटकानं हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या शहरांत, प्रत्येकी साधारण दहा टक्के लोकवस्तीला चोवीस तास पाणी देऊन बघितलं. २००८ पासून ते सुरू झालं. त्या वस्तीतले जुने पाइप काढून नवे टाकले, प्रत्येक घराला मीटर बसवला आणि तो भाग बाकीच्या शहरापासून व्हॉल्व्हनं तोडून वेगळा केला. तोडणं गरजेचं होतं, नाहीतर नव्या पाइपातला दाब जुन्या गळक्या पाइपांतून निसटून गेला असता. पण त्या तोडण्यामुळंच तुमची गल्ली पलीकडे राहिली.

माझी मावशी त्या दहा टक्क्यांत आली. पहिले सहा महिने तिचा विश्वास बसेना. रात्री उठून नळ सोडून बघायची. मग एक दिवस तिनं परड्यातला हौद रिकामा केला, घासला आणि त्यात माती भरून कर्दळ लावली. चाळीस वर्षं तिनं त्या हौदावर पहाटे उभं राहून बिंदग्या भरल्या होत्या. ती कर्दळ बघताना मला जे वाटलं ते कुठल्याही अहवालात लिहिता येणार नाही.

प्रयोग चालला, हे खरं. पण प्रयोगातून शहरापर्यंत यायला दहा वर्षांवर गेली, हे मला आजही खुपतं. शहराच्या विस्तारासाठीचं कर्ज २०१६ साली मंजूर झालं आणि त्यानंतरही काम लगेच हललं नाही. तुमच्या भागात नवे पाइप पडत असतील तर एक करा. खड्डा बुजवायच्या आधी तुमच्या घराची जोडणी गटाराच्या वरून जाते की खालून, हे स्वतः उभं राहून बघा. पिण्याचा पाइप गटाराच्या वर आणि बाजूला लांब असायला हवा. गटारातून ओवून नेलेला दिसला तर तिथंच काम थांबवा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

गावात यूजीडी होऊन पाच वर्षं झाली. उन्हाळ्यात चेंबर तुंबून वर येतात. नवं असूनही असं का होतं?
*— वाचक, हुक्केरी तालुका*

(आपल्याकडे सगळे यूजीडीच म्हणतात. कोल्हापुरात याच कामाला मी भुयारी गटार म्हणत होते.)

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पावसाळ्यात म्हणाला असता तर मी म्हटलं असतं, लोकांनी छपराचं पाणी गटारात सोडलंय. पण तुम्ही उन्हाळा म्हणालात. सांडपाण्याच्या पाइपाला कुणी ढकलत नाही, घाण पाण्याच्या जोरावर पुढं जाते. सेकंदाला साठ सेंटिमीटर तरी वेग हवा, नाहीतर गाळ तळाला बसतो. तेवढं पाणी यायला माणशी रोज १३५ लिटर नळाला हवं. म्हणूनच आपल्या देशातलं १९९९ चं मानक भुयारी गटार असलेल्या गावाला १३५ लिटर सांगत होतं आणि नसलेल्या गावाला ७०. आपण करतो काय? सत्तर लिटरच्या गावात, तेही चार दिवसांआड पाणी असताना, भुयारी गटार टाकतो. एप्रिल-मेमध्ये बायका एक तांब्या पाणी ओतून संडास भागवतात. तो तांब्याभर ऐवज पाइपात अर्ध्या वाटेत बसतो, त्यावर भांडी घासायची राख, वर चिंधी. मग चेंबर वर येतं.

दुसरं कारण उताराचं, आणि इथं मला मनातलं सांगायचं आहे. सहा इंची पाइपाला शंभर मीटरला साधारण अर्ध्या मीटरहून थोडा जास्त उतार लागतो. एका गावात, नाव लिहीत नाही, मी डंपी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, लावून तपासलं तेव्हा एका पट्ट्यात खालचं चेंबर वरच्यापेक्षा चार इंच उंच निघालं. म्हणजे पाणी चढणीला. अर्धा खड्डा बुजवून झाला होता. पुन्हा उकरू या म्हटलं. पावसाळा तोंडावर आहे, बिल अडकेल, म्हणून कुणी ऐकलं नाही. मी तेव्हा नोकरीत नवी होते, गप्प बसले. ते चेंबर अजून दर उन्हाळ्यात वर येतं. त्या गल्लीतली एक म्हातारी मला ओळखते, कधी भेटली की घरात ये म्हणते, चहा करते. माझ्या घशाखाली तो चहा उतरत नाही.

तुमच्या गावात आधी दोन चेंबरांमधली पातळी मोजून घ्या. तालुक्यातला कुठलाही सर्व्हेअर एका सकाळी मोजून देईल. चढ निघाला तर जोरात पाणी मारून गाळ काढणारं जेटिंग मशिन आणून कायमचा इलाज होणार नाही, तो पट्टा उकरावाच लागेल. आणि कृपा करून चेंबरात माणूस उतरवू नका. दोन-चार हजारांसाठी कुणी तयार झाला तरी नाही. २०१३ च्या कायद्यानं गटारात माणसाला सुरक्षेच्या साधनांवाचून उतरवणं गुन्हा आहे, आणि आतल्या वायूनं माणूस दोन श्वासांत आडवा होतो. मशिन येईपर्यंत गल्लीनं वास सोसावा.

अक्का, बळ्ळारी नाल्याच्या काठाला माझं दीड एकर. पावसाळ्यात नाल्याचं पाणी आठ-आठ दिवस भातात उभं राहतं. उन्हाळ्यात नाल्यात शहराची घाण तेवढी वाहते. दुसरं पाणी नाही म्हणून कधी मोटर लावून तेच घेतो. घ्यावं का? आणि हलग्याचा सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प चालला तर आम्हाला काय मिळणार?
*— शेतकरी, वडगाव शिवार*

दादा, माझ्या मामाचं शेत त्याच शिवारात. लहानपणी सुगीला आम्ही पोरं त्या नाल्यात खेकडे धरायचो आणि त्याच पाण्यानं हात धुऊन भाकरी खायचो. आता तिथून जाताना नाक धरावं लागतं. म्हणून तुम्हाला लांबून शहाणपण सांगायची माझी हिंमत नाही, जे माहीत आहे ते सांगते.

आधी हिशेब. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहर ४ लाख ८८ हजारांचं. माणशी १३५ लिटर धरलं तर रोज साडेसहा कोटी लिटर पाणी, त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होतं, म्हणजे सव्वापाच कोटी लिटर. शहराचं दक्षिण आणि पूर्वेचं अंग उतरतं तुमच्या नाल्याकडे. तो अलारवाडच्या पुलाखालून पुढं जातो, मार्कंडेयला मिळतो, मार्कंडेय घटप्रभेला. वाटेतलं प्रत्येक शिवार शहराचा न्हाणीघराचा हिशेब चुकवत आलंय, आणि त्याबद्दल त्याला कधी एक पैसा मिळालेला नाही.

ते पाणी घ्यावं का? पालेभाजी, कोथिंबीर, मुळा, काकडी यांना अजिबात नको. कच्च्या खाण्यातून जंत आणि जुलाब सरळ गिऱ्हाइकाच्या घरी जातात, आणि ते गिऱ्हाईक रविवारपेठेत तुमच्याकडून विश्वासानं घेतं. भाताचं सांगायचं तर त्या पाण्यात नत्र खूप असतं. रोप काळंभोर दिसतं, उंच वाढतं आणि लोंबी भरायच्या वेळी लोळतं. करपाही अशाच भातावर जास्त येतो. आपल्या शिवारातल्या बासमतीचा वास गेला म्हणून म्हातारी माणसं हळहळतात. सगळा दोष पाण्याचा नसेल, पण लोळलेल्या भाताला वास धरत नाही हे मामा नेहमी म्हणायचा. घ्यावंच लागलं तर मसूर-वाटाण्याआधी जमीन ओलवण्यापुरतं घ्या, दोन दिवस खड्ड्यात साठवून गाळ खाली बसवून घ्या, पायात गमबूट घालूनच उतरा. अनवाणी नको. जंत तळपायातून शिरतात.

हलग्याच्या प्रकल्पाबद्दल मी दोन्ही बाजूंनी विचार करते आणि मला झोप लागत नाही. सांडपाणी उतारानं जातं, म्हणून शुद्धीकरण नेहमी शहराच्या खालच्या अंगाला करावं लागतं. आणि खालच्या अंगाला नेहमी सगळ्यात चांगली काळी जमीन असते, तिचे मालक दोन-दोन एकरांचे. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या शहराची घाण सोसली त्यांच्याच जमिनी त्या घाणीच्या प्रकल्पाला. हलग्याच्या शेतकऱ्यांनी एवढी वर्षं विरोध केला तो उगाच नव्हे. पण प्रकल्प नको म्हटलं तर नाला असाच वाहणार, हेही मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून मागणी पक्की करा. शुद्ध झालेलं पाणी कुठल्या कारखान्याला विकायच्या आधी काठच्या शेतकऱ्यांना मिळालं पाहिजे, पाइपानं, आणि लेखी कराराने. कच्च्या सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली कुजणारी घाण मोजायचा आकडा, लिटरला दोनशे मिलिग्रॅमच्या पुढं असतो. शेतीला सोडायच्या पाण्यासाठी जुन्या नियमात १०० ची मर्यादा होती आणि नीट चाललेला प्रकल्प त्याच्या कितीतरी खाली आणू शकतो. दर महिन्याचा हा आकडा हलग्याच्या आणि तुमच्या वडगावच्या चावडीवर मराठीत आणि कन्नडात लावावा, एवढी अट घाला. पुराचं मात्र प्रकल्पानं काही होणार नाही. त्याला नाल्यातला गाळ आणि जलपर्णी काढणं, काठ मोकळे करणं आणि पुलाखालची वाट रुंद करणं हाच इलाज, आणि ते काम मे महिन्याच्या आत व्हायला हवं. जूनमध्ये काढलेला गाळ काठावरून पुन्हा नाल्यात येतो.

नळ सोडल्यावर पहिली पाच मिनिटं पाण्याला वास येतो. मग जातो. हे पाणी प्यावं का?
*— टिळकवाडी, बेळगाव*

पहिली पाच मिनिटं पिऊ नका, साठवूही नका. पाणी बंद असतं तेव्हा पाइप रिकामा असतो आणि चिरेतून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. कुणी नळाला थेट मोटर लावली असेल तर ओढ आणखी वाढते. हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी चोवीस तास पाणी असलेल्या आणि नसलेल्या भागांतले नमुने तपासले होते, बंद-चालू पुरवठ्यात जंतू जास्त वेळा सापडले. तुमच्या गल्लीत कुणाकुणाच्या मोटरी नळावर आहेत ते तुम्हाला ठाऊक असणारच. आधी त्यांना सांगा. त्यांच्याही घरात मुलं आहेत. वास पाच मिनिटांनंतरही राहिला तर जवळपास पाइप फुटलाय, त्या दिवशी वॉलमनला गाठाच, आणि तोपर्यंत पाणी उकळून.

आमचा वाडा, म्हणजे वस्ती, जांबोटीच्या वर. पाऊस धो धो, तरी एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. आता घरोघरी संडास झालेत आणि शोषखड्डे विहिरीच्या जवळ आहेत. पाणी पिण्यालायक राहिलंय का, आणि पावडर किती टाकायची?
*— खानापूर तालुका*

मलप्रभा ज्या कणकुंबीला उगम पावते त्याच पट्ट्यातले तुम्ही. तिचं पाणी नवलतीर्थाच्या धरणात साठून हुबळी-धारवाडपर्यंत जातं आणि तुमच्या वाड्यावर एप्रिलमध्ये घागर घेऊन ओहोळात उतरावं लागतं, हे मी त्या भागात काम करताना बघितलंय. तुमची जमीन जांभ्याची. जांभा चाळणीसारखा, पाऊस आत घेतो आणि बाजूच्या उतारातून सोडूनही देतो. म्हणून विहीर लवकर आटते, आणि म्हणूनच शोषखड्ड्यातलं पाणीही त्याच भोकांतून विहिरीकडे धावतं. मातीच्या जमिनीत खड्डा आणि विहिरीत दहा मीटर अंतर चालतं असं पुस्तकात असतं. जांभ्यात मी वीस मीटरच्या आत कधी मान्य केलं नाही, आणि खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला तर मुळीच नको.

झालेले खड्डे हलवता येत नसतील तर जवळचे दोन-तीन बंद करून लांब जोडखड्डे घ्या. एक वापरायचा, भरला की दुसऱ्याकडे वळवायचं, पहिला दीड-दोन वर्षं तसाच झाकून ठेवायचा. तेवढ्यात आतलं मातीसारखं होतं, वास राहत नाही, शेतात टाकता येतं. तुमच्याकडे पावसात जमिनीतलं पाणी वर येतं, म्हणून खड्डा अर्धा जमिनीच्या वर बांधून बाजूनं माती चढवा. विहिरीला कमरेएवढा कठडा, भोवती सिमेंटचा ओटा, आणि कपडे धुणं ओट्यापासून लांब.

पावडरचा हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याला त्यानंच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं गुणा, ७८५ नं गुणा. एवढे लिटर पाणी. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण अठ्ठावीस हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे अशा विहिरीला सत्तर ग्रॅम. पावडर बादलीत कालवून दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन दोरीनं विहिरीत सोडून हलवा. चुना विहिरीत टाकू नका. रात्री टाकलं तर सकाळी पाणी भरता येतं, निदान तासभर तरी थांबावंच. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवस रोज, मग आठवड्याला एकदा. उघड्या पिशवीतली जुनी पावडर काही कामाची नाही, तिचा वास गेला की ताकदही गेलेली असते.

पाणी प्यायलायक आहे का, हे मी इथं बसून सांगू शकत नाही. खानापूरच्या आरोग्य केंद्रात एच टू एसची बाटली मागा. खुणेपर्यंत पाणी भरून सावलीत ठेवा, दोन दिवसांत काळं पडलं तर त्यात मैला उतरतोय. वाड्यावरच्या सगळ्या विहिरींचे नमुने एकाच दिवशी घ्या आणि कुठली विहीर काळी, कुठली नाही, प्रत्येक शोषखड्डा किती पावलांवर, असा कागदावर नकाशा काढून मला पाठवा. व्यास आणि पाण्याची खोलीही लिहा. पावडर किती लागेल ते विहीरवार मी लिहून देते.